निळ्या खोक्यातला रणगाडा

जानेवारी लागला की नवघर रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांबाहेर कागदी तिरंग्यांच्या माळा लटकतात, आणि काउंटरला टेकून फोमबोर्डाचे गठ्ठे उभे राहतात. इतरांना या महिन्यात थंडी वाजते. इथली थंडी ती केवढी. खाडीकडून येणारा खारट गारवा, तोही सकाळी नऊपर्यंत. तरी लोक स्वेटर घालून फिरतात, कपाटात वर्षभर ठेवल्याचं सार्थक व्हावं म्हणून. मला मात्र या महिन्यात येतो तो एक वास. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना येणारा, गोडसर, जळका, जिभेच्या मुळाशी चिकटून राहणारा. थर्माकोलवर बंदी आली तरी वास गेलेला नाही. काल एका दुकानापुढून जाताना एक बाई दुकानदाराला विचारत होत्या, "रेडीमेड मिलेगा क्या भैया? लेकिन बच्चे का लगना चाहिए." मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागले.

ते वाक्य मला पाठ आहे. सहा वर्षांपूर्वी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आमच्या घरी शाळेचे प्रोजेक्ट बनवून मिळायचे. अशी घरं मीरा रोड-भाईंदरमध्ये गल्लोगल्ली आहेत. पाटी कुठेच नसते, पत्ता मात्र सगळ्या आयांना ठाऊक असतो. आई आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांची शिकवणी घ्यायची. त्यातल्या एकाचा ज्वालामुखी मी करून दिला, आणि मग ज्वालामुखींची रांग लागली. मला माणसांशी बोलता येत नाही. समोरचं माणूस बोलायला लागलं की मी त्याच्या शर्टाचं बटण बघते. वस्तूंशी माझं बरं जमतं. शाळेत असताना माझे स्वतःचे प्रोजेक्ट नेहमी दुसरे यायचे, आणि पहिला कुठून बनून आला आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत असायचं. मोठी झाल्यावर मी तो पहिला बनवणारी झाले. एवढीच माझी प्रगती.

या कामात चांगलं बनवणं हे अर्धं काम. राहिलेलं अर्धं म्हणजे ते बिघडवणं. सहावीतल्या मुलीचं वाटेल इतकंच चांगलं हवं. त्यासाठी नावं डाव्या हाताने लिहायची. एक स्पेलिंग चुकवायचं. एक चुकलं तर टीचर हसतात, दोन चुकली तर रागावतात. गोंदाचा एक ओघळ दिसेल असा ठेवायचा. कात्री जरा घसरू द्यायची. आणि सगळ्यात शेवटी, रंग ओला असताना, एका कोपऱ्यात बोट टेकवायचं. मोठं बोट ओळखू येतं, म्हणून करंगळी. माझी करंगळी बारीक आहे. मी या कामात तरबेज होते, आणि हे लिहितानासुद्धा आत कुठेतरी अभिमानाची बारीकशी गुदगुली होते. त्या गुदगुलीची मला सगळ्यात जास्त किळस वाटते.

त्या महिन्यात घरभर चमकी असायची. भाकरीत चमकी, उशीवर चमकी, आईच्या केसांत चमकी. स्प्रे मारून झाल्यावर नाक शिंकरलं की रुमालावर हिरवं किंवा काळं यायचं. बोटांवर वाळलेला गोंद मी कातडीसारखा सोलायचे आणि सोललेले पापुद्रे टेबलाच्या कडेला चिकटवत राहायचे. संविधानाची प्रस्तावना दरवर्षी पाच-सहा जणांना तरी हवी असायची, जुन्या कागदावर लिहिल्यासारखी. मी ती सुबक अक्षरात लिहून ताटात चहाचं पाणी ओतून त्यात बुडवायचे आणि कडा मेणबत्तीवर जाळायचे. आमच्या घरी सव्वीस जानेवारीला पप्पा आंघोळ करून, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून प्रस्तावना मोठ्याने वाचतात आणि आम्ही मागे उभे राहून म्हणतो. जालन्याहून इथे नोकरीला आल्यापासून त्यांनी ते एकदाही चुकवलेलं नाही. ते एके दिवशी कामावरून आले, चहात बुडलेल्या पाच प्रस्तावना बघितल्या, आणि बूट काढता काढता म्हणाले, "एवढी जुनी नाही झाली अजून ती." बस. मी ताट उचलून मोरीत नेलं.

रणगाडा त्याच वर्षी आला. मीरा रोडच्या एका इंग्रजी शाळेत 'आपलं सैन्य' या विषयावर प्रदर्शन होतं आणि सहावीच्या वर्गासाठी स्पर्धा. प्लास्टिकचं तयार किट चालेल, जोडणी मुलाने स्वतः करायची, असा नियम. सिल्व्हर पार्कमध्ये राहणाऱ्या अनन्याची मम्मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच दोन खोकी घेऊन आली. एक तिच्या नवऱ्याने मुंबईतल्या दुकानातून आणलं होतं, दुसरं दिराने ऑनलाइन मागवलं होतं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. एकाच रणगाड्याची, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची किटं. खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान, तयार झाल्यावर वीतभर लांब. "जो तुझे ठीक लगे वो बना," ती म्हणाली. "दुसरा रख ले. बस, ज़्यादा अच्छा मत बनाना."

एक खोकं लाल, एक निळं. निळ्यावरचं चित्र जास्त भपकेदार होतं. रणगाड्यातून आग निघते आहे, आभाळ पेटलं आहे, माणूस कुठेच नाही. आत जाड, तेलकट प्लास्टिक. तुकडे ज्या चौकटींना जोडलेले असतात त्यांच्या कडांना सायीसारखा जादा पापुद्रा. तोफेच्या नळीचे दोन उभे अर्धे भाग एकमेकांवर ठेवले तर मधून उजेड दिसायचा. वरचा आणि खालचा सांगाडा जुळवला तर नख आत जाईल एवढी फट. लाल खोक्यावरचं चित्र साधं होतं. आत मात्र प्रत्येक चौकट वेगळ्या पिशवीत, तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे, हॅचच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, बिजागऱ्यासुद्धा वेगळ्या. चाकावरचे पट्टे निळ्यात रबरी फितीचे होते. लालमध्ये एकेक कडी सुटी, शेकड्याने. मी एक कडी तळहातावर घेतली. तिच्यावर अक्षरं कोरलेली होती, भिंगाशिवाय न दिसणारी.

तीन दुपारी मी दोन्ही खोकी पलंगावर मांडून नुसती बघत बसले. इंटरनेटवर या दोन किटांवरून भांडणारी माणसं आहेत हे मला तेव्हाच कळलं. जगभरचे पुरुष, बहुतेक वयस्क, कपाळावर भिंग बांधलेले. लालच्या चाकाला एक बोल्ट कमी आहे म्हणून एकाने लांबलचक व्हिडिओ केला होता. निळ्याचा पुढचा भाग दोन मिलिमीटर बुटका आहे म्हणून दुसरा संतापला होता. पट्ट्यांतला चिखल कुठल्या देशाचा वाटायला हवा, यावर लोक एकमेकांना नावं ठेवत होते. जळलेला रणगाडा हुबेहूब कसा रंगवायचा हे एक जण शिकवत होता. काजळी कुठून सुरू होते, हॅचच्या कडेला तेलकट काळं का असतं, सगळं. आवाज पाककृती सांगणाऱ्यासारखा मऊ. तिथे तेलकट काळं का असतं, आत कोण असतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवला. आणि पाच मिनिटांनी परत सुलटा केला, कारण काजळी खरोखरच सुंदर जमली होती.

निवडीत अवघड असं काही नव्हतं, हे आज मला स्पष्ट दिसतं. माझ्या कामाला निळं योग्य होतं. ते मुळातच बेढब; साधं जोडलं असतं तरी सहावीच्या मुलीचं वाटलं असतं. मला काही बिघडवावंच लागलं नसतं. पण मला लाल हवं होतं. ते तांदळाचे दाणे चिमट्यात धरायचे होते. अनन्याच्या मम्मीला मी सांगितलं की लालचं प्लास्टिक मजबूत आहे, शाळेत नेताना मोडणार नाही. तिने मान हलवली. आणि निळं खोकं मी दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर नेऊन लवीनाला दिलं. लवीना अकरा वर्षांची, अनन्याच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत. नको असलेली वस्तू देऊन उदार झाल्याचं सुख मी जिने चढताना मनसोक्त घेतलं.

लवीनाची आई हिल्डा आंटी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. त्यांचं घर मूळ पालीचं, उत्तनच्या पुढे, समुद्राला लागून. लवीनाचे पप्पा तिथेच राहायचे, बोटीवर जायचे. आंटीच्या नोकरीसाठी आणि लवीनाच्या शाळेसाठी या दोघी आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होत्या आणि रविवारी पालीला जात होत्या. लवीना माझ्याशी बोलायची कारण मी कमी बोलायचे. दुपारी आई कामावर असली की वर यायची, माझ्या टेबलाजवळ बसायची, चमकी चाळत बसायची. पालीला गेली की तिकडची बोली घेऊन परत यायची आणि मंगळवारपर्यंत ती तिच्या तोंडात राहायची.

लाल किट मी तिच्यापासून लपवलं. ती आली की वर वर्तमानपत्र टाकायचे. दुसरं किट परत केलं असं सांगितलं होतं. का लपवलं हे नीट सांगता येत नाही. बहुधा तिने दोन्ही शेजारी शेजारी बघू नयेत म्हणून. एकदा पट्ट्याच्या कड्या सुट्या करताना कटर घसरला आणि माझ्या डाव्या करंगळीच्या टोकाच्या पेरावर, आतल्या बाजूने, आडवा गेला. रक्त थांबेना. तेवढ्यात लवीना आली. ती धावत खाली गेली, आईच्या डब्यातला स्पिरिटचा कापूस आणि पट्टी घेऊन आली, आणि आंटी करते तसा माझा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून पट्टी बांधली. रोज दुपारी येऊन बदलायची. जखम भरली तेव्हा पेरावर एक पांढरी आडवी रेघ राहिली. अजून आहे.

तिचा रणगाडा ती स्वतःच्या घरी बनवत होती. मला वाटलं होतं दोन दिवसांत सोडून देईल. महिनाभराने ती तो टॉवेलात गुंडाळून वर घेऊन आली. मी हातात घेतला आणि बोट फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. नळी अखंड होती, एका लाकडातून कातून काढल्यासारखी. सांगाड्याची ती नखभर फट नाहीशी झाली होती. टाल्कम पावडर आईच्या बिनरंगी नेलपॉलिशमध्ये कालवून तिने फटी भरल्या होत्या, वाळू दिल्या होत्या, नखं घासायच्या कानशीने घासल्या होत्या, परत भरल्या होत्या. तोफेचा वरचा माथा या किटात फिरतो. तिने तिथली फटही भरून टाकली होती, त्यामुळे तो फिरत नव्हता.

हे का बंद केलंस, मी विचारलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी पोहे कशाने खायचे असं विचारलं होतं.

"फट ठेवली तर पाणी येल ना, दीदी."

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की तिचे पप्पा फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकून वर लेप देतात, आणि ही बाजूला बसून बघते. फट बाहेरून बुजलेली दिसणं आणि खरोखर बुजणं यात फरक असतो, आणि तो पाण्यातच कळतो, हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिने आमच्या मोरीत बादली भरली आणि रणगाडा पाण्यावर ठेवला. तो तरंगला. आम्ही दोघी बादलीच्या दोन्ही बाजूंना उकिडव्या बसलो होतो. थोड्या वेळाने तिने तो उचलून कानाशी हलवला. आत थेंब नव्हता.

त्याच आठवड्यात मी लाल रणगाडा पुरा केला. इतकी सुंदर वस्तू मी त्याआधी आणि त्यानंतर केलेली नाही. प्रत्येक कडी हलत होती. दोन दिवस तो माझ्या टेबलावर होता, वर्तमानपत्राच्या खाली, आणि मी मधूनमधून कोपरा उचलून बघायचे. मग ऑर्डर पोचती करायची तारीख आली आणि मी बिघडवायला बसले. प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक वितळवतो. माथ्यावर त्याचा एक थेंब सोडला की कोरलेल्या रेघा मेणासारख्या बसतात. सोडला. हिरवा रंग जाड ब्रशाने फासला. एक हॅच वाकडी चिकटवली. चिमट्याने एक कडी तोडली. आणि ओल्या रंगावर, डाव्या बाजूला, डावी करंगळी टेकवली. हात धुतले आणि जेवायला बसले. आईने मेथीची भाजी केली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी आंटीची ड्यूटी होती. लवीनाबरोबर तू जाशील का, तिने विचारलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही दोन वाक्यं जास्त बोलावी लागतात. शाळेच्या हॉलमध्ये पांढरे टेबलक्लॉथ, त्यांवर जहाजं, विमानं, सीमेवरचे बर्फाचे डोंगर. अर्धे डोंगर कुठल्या घरून आले ते मी सांगू शकले असते. अनन्या लाल रणगाड्याच्या शेजारी हात मागे बांधून उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. तिची मम्मी मला बघून ओळख दाखवणार होती, तेवढ्यात तिला आठवलं आणि तिने नजर फिरवली.

क्राफ्टच्या मॅडम परीक्षक होत्या. त्या लवीनाच्या टेबलापाशी आल्या, रणगाडा उचलला, बोट फिरवलं. त्यांचंही बोट कुठेच अडलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. हे फिलिंग, हे घासकाम, हे मोठ्या माणसाचं काम आहे, त्या म्हणाल्या. लवीना म्हणाली, मीच केलंय. मॅडमनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले.

"तुम्ही त्या नवघरच्या ना? प्रोजेक्टवाल्या?"

मी त्यांच्या ब्लाउजच्या पिनेकडे बघत होते. एवढी माझी ख्याती झाली आहे हे मला माहीत नव्हतं. त्या पोरीवर संशय यायला माझं तिच्या शेजारी उभं असणं पुरेसं होतं.

"तुम्ही मदत केलीत. हो की नाही?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न येणार होता. मग तुम्ही इथे कशा, मग तुमचं काम कुठलं, मग टेबलांवरून बोट फिरणार होतं. दोन टेबलं सोडून अनन्याची मम्मी पर्सची चेन उघडझाप करत होती. प्रश्न थांबवणारा एकच शब्द मला सापडला.

"थोडी," मी म्हणाले.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि रणगाडा खाली ठेवला. त्या लवीनाला रागावल्या नाहीत. इतक्या लहान वयात खोटं बोलू नये, असं इंग्रजीत, अगदी मायेने सांगितलं.

पहिलं बक्षीस अनन्याला मिळालं. मॅडमनी लाल रणगाडा उचलून सगळ्या मुलांना जवळ बोलावलं आणि डाव्या बाजूला बोट दाखवलं. "बघा. बोटाचा ठसा. थोडं वाकडं आहे, थोडं घाण आहे, पण याला मी मेहनत म्हणते." मुलं वाकून बघू लागली. लवीनाही वाकली. बराच वेळ वाकून बघत होती. मग परत येऊन तिने माझा हात हातात घेतला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. रिक्षात माझ्या लक्षात आलं की तिने हात धरलेला नाही, फक्त करंगळी धरली आहे. मला वाटलं, पोर आहे, आधार शोधते आहे. मला बरंसुद्धा वाटलं, हे आज सांगायला हवं.

त्या दिवसापासून मी ते काम सोडलं असं लिहायला आवडलं असतं. सोडलं नाही. पुढची दोन वर्षं केलं, नोकरी लागेपर्यंत. प्रस्तावना चहात बुडवल्या. फक्त करंगळीच्या जागी पेन्सिलीमागचं रबर टेकवायला लागले, आणि असं का करते आहे ते स्वतःला विचारलं नाही. लवीना वर यायची कमी झाली. दहावीचं वर्ष, मग कॉलेज, मग लिफ्टमध्ये भेटली की मान हलवायची. मी ते वयावर ढकललं.

हिल्डा आंटी मात्र दर जानेवारीला वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील वर पाठवायची. पालीला या दिवसांत वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील ओळीने वाळत घातलेले असतात, माणसांचे मोजे वाळत घालावेत तसे. पहिल्या वर्षी ती स्वतः वर आली होती. म्हणाली, तू पोरीसाठी एवढं केलंस, तिचं नशीब नव्हतं, त्याला तू काय करणार. मी पुडी घेतली. दर वर्षी घेतली. आई ते लसूण-मिरची घालून तव्यावर करायची, पप्पा बोटं चाटायचे, आणि मीही खायचे. घास खाली जायचा, वास वर यायचा.

या वर्षी पुडी आली नाही. त्या दोघी पालीला परत चालल्या होत्या. तिथल्या घरावर मजला चढला आहे आणि लवीना बारावीनंतर जहाजांचं काहीतरी शिकायला जाणार आहे. गेल्या रविवारी मी सामान बांधायला मदत करायला खाली गेले. लवीना वरच्या फळीवरून एकेक वस्तू खाली देत होती. शेवटी एक गुंडाळी आली, मऊ जुन्या ओढणीची. मला आत काय आहे ते हातात घेताच कळलं.

"मम्मीने जपून ठेवलाय," ती म्हणाली. "तुझ्या हातचा म्हणून."

ती स्टुलावरून उतरली, माझा डावा हात उलटा केला, आणि करंगळीवरच्या पांढऱ्या रेघेवर अंगठा ठेवला. वैतागलेली वगैरे नव्हती. सामानाच्या यादीतली एखादी ओळ तपासावी तशी.

"त्या ठशात ही रेघ होती, दीदी. पट्टी मी बांधायची ना. मला तेव्हाच कळलं."

मग तू बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुझं काम गेलं असतं. आणि मला वाटलं, तू बोलशील. रिक्षात बोलशील असं वाटलं होतं."

मी उद्याच शाळेत जाते, असं काहीतरी मी बडबडले. ती हसली. त्या मॅडम कधीच सोडून गेल्या आणि शाळेला आता त्याचं काय, ती म्हणाली. मग तिने चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं आणि स्वयंपाकघराकडे मान केली. "मम्मीला सांग. तिला अजून वाटतं मी खोटं बोलले होते."

स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. हिल्डा आंटी पाठमोरी बसून भांडी कागदात गुंडाळत होती. इतकी वर्षं रोज ही बाई लॅबमध्ये अनोळखी माणसांचे हात हातात घेते आणि एकदाच टोचणार, दुखणार नाही, असं सांगते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तिच्या गाऊनची बटणं पाठीमागून दिसत नव्हती, त्यामुळे बघायला काही नव्हतं.

"आंटी, तो रणगाडा मी नाही बनवला. लवीनाने बनवला. मी थोडासुद्धा नाही."

तिने हातातली वाटी गुंडाळून पुरी केली.

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी खोटं बोलले. बक्षीस मिळालेला मी बनवला होता."

आंटी उठली. फडकी भिजत घातलेली बादली मोरीत रिकामी केली, विसळली, नळाखाली धरली. मग तिने लवीनाला तो आणायला सांगितलं, ओढणी सोडली, आणि रणगाडा पाण्यावर ठेवला. तो एका अंगाला जरासा कलला, डुलला, आणि तरंगत राहिला. आंटीने खाली हात घालून सांगाड्याच्या जोडावरून अंगठा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. तिचा नवरा बोटीवरून फिरवत असेल तसा.

"बापावाणीच भरलीय गं फट," ती लवीनाला म्हणाली. लवीना भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

मग आंटी माझ्याकडे न बघता, हात पाण्यातच ठेवून म्हणाली, "सहा वर्सं माझे बोंबील खाल्लेस तू."

तिने रणगाडा उचलला, कानाशी धरून हलवला आणि लवीनाच्या हातात दिला. बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. मी उरलेली भांडी गुंडाळायला बसले, आणि तिने मला उठ म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही.